शाळेच्या अंगणातील शिल्प आणि मुलांची बैठक

संस्थेचा महोत्सव जवळ आला की शाळेच्या अंगणात काहीतरी कायमचे उभे करावे, असा विचार सभासदांच्या मनात येतोच. आणि तो आला की दोन सूचना ठरल्याप्रमाणे पुढे येतात. एक, कोणाचा तरी अर्धपुतळा. दुसरी, देणगीदारांची नावे रंगविलेली लोखंडी बाके. दोहोंमागील भावना स्वच्छ असते, ह्यात शंका नाही. परंतु पुढे काय होते तेही आपण पाहिलेले आहे. पुतळ्याभोवती कठडा येतो, कठड्याला कुलूप येते, आणि वर्षातून दोनदा हार घालण्यापुरते ते उघडते. बाके भिंतीलगत ओळीने मांडली जातात, आणि ज्या आदिलाबाद जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो तेथे हे लोखंड सकाळी दहालाच हात लावू देत नाही. मग मुले बसतात कोठे? व्हरांड्याच्या पायरीवर, हापशाच्या ओट्यावर, आणि पहिली पसंती विचाराल तर झाडाखालच्या वर आलेल्या मुळीवर.

ह्या मुळीपासूनच प्रस्तुत लेखाचा विषय सुरू होतो. निसर्गातील एखादा आकार घ्यावा, मग ते वडाचे मूळ असो, पडलेले सागाचे खोड असो, किंवा ओढ्याच्या पाण्याने घासून गोल झालेला धोंडा असो; तो दगडात, विटेत अगर सिमेंटात मोठ्या मापाने घडवावा; आणि चार पोरांना त्यावर बसता, टेकता, डबा उघडता यावा अशा बेताने त्याची उंची व उतार ठेवावा. पाहिले तर शिल्प, बसले तर बाक. परदेशांत शाळांच्या आवारात अशी कामे होतात, म्हणून ही तिकडची कल्पना आहे असे कित्येकांस वाटेल. वस्तुतः आपल्याकडे तिची परंपरा जुनी आहे. फक्त आपण तिला शिल्प म्हणत नाही इतकेच.

गावचा पार हेच पहा. वडापिंपळाभोवती दगडी बांधणीचा गोल किंवा चौकोनी ओटा घालावयाचा, मधली माती मोकळी ठेवावयाची, आणि झाड व बैठक ह्यांची एकच वास्तू करावयाची, ही युक्ती ज्या कोणी प्रथम काढली त्याचे नाव कोणास ठाऊक नाही. पण त्यात दोन गोष्टी बिनचूक साधल्या आहेत. बसणाऱ्याला सावली मिळते, आणि मूळ उघडे पडून झिजत नाही. अलीकडे पाराची डागडुजी करताना बुंध्यापर्यंत सिमेंट नेऊन भिडवितात, ती मात्र झाडाच्या मुळावरच उठलेली सुधारणा आहे. मुळांना हवा व पाणी लागते; बुंध्याभोवती दोन हात तरी माती मोकळी पाहिजे, हे जुन्या गवंड्यांना न सांगता कळत होते.

दुसरे उदाहरण मंदिरांचे. सिन्नरच्या गोंदेश्वरासारख्या यादवकालीन देवळांत मंडपाच्या कडेने ठेंगणी भिंत असते, तिला वामनभिंत म्हणतात. तिच्या आतल्या बाजूस दगडी बैठक, आणि बैठकीमागे बाहेरच्या अंगाला कललेली दगडी पाठ, हेच कक्षासन. बाहेरून येणाऱ्याला त्या पाठीवरचे कोरीव काम दिसते, आत बसणाऱ्याला तीच पाठ टेकावयास मिळते. एकाच दगडाची एक बाजू डोळ्यांसाठी व दुसरी पाठीसाठी, ह्यापेक्षा ह्या विषयाची अधिक नेटकी व्याख्या आम्हांस तरी करता येणार नाही.

शाळेच्या अंगणापुरते बोलावयाचे तर आपल्या देशात सर्वांत प्रथम शांतिनिकेतनाकडे पाहावे लागते. रवींद्रनाथांनी १९०१ साली तेथे शाळा सुरू केली ती झाडांखाली. गुरुजी बुंध्याजवळ, मुले भोवती आपापल्या आसनांवर, असे वर्ग तेथे भरू लागले, आणि आवारातील झाड हा शाळेच्या इमारतीचाच भाग झाला. १९२८ साली तेथे वृक्षारोपणाचा उत्सवही सुरू झाला. १९१९ मध्ये कलाभवन निघाले, आणि नंदलाल बोस ह्यांच्या हाताखाली तयार झालेल्या विद्यार्थ्यांनी आवाराच्या भिंती, झाडांमधल्या मोकळ्या जागा, सारेच आपल्या कामाचे क्षेत्र मानले. आपल्या वाचकांस हे सांगावयास हवे की तेथे शिकून पुढे तेथेच शिकविणाऱ्यांत विनायक मासोजी हे मराठी चित्रकारही होते.

ह्या मंडळींत रामकिंकर बैज ह्यांचे नाव आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. बांकुड्याचा हा गरीब घरचा मुलगा १९२५ साली शांतिनिकेतनात आला आणि जन्मभर तेथेच राहिला. मोठे शिल्प करावयाचे तर ब्राँझ पाहिजे किंवा चांगला दगड पाहिजे. दोहोंसाठी पैसा नव्हता. आसपास होती ती लाल जांभ्याची खडी. रामकिंकरांनी लोखंडी सळ्यांचा सांगाडा उभा केला, सिमेंटात तीच खडी कालवली, आणि तो ओबडधोबड गिलावा सांगाड्यावर थापून १९३८ साली ‘संथाळ कुटुंब’ हे प्रचंड शिल्प उघड्यावर उभे केले. संथाळ पुरुषाच्या खांद्यावर कावड आहे, कावडीच्या एका टोपलीत मूल आहे, शेजारी बायको आहे आणि बरोबर कुत्रा आहे. सारा संसार घेऊन माणसे चालली आहेत. आपल्या भागात रोजगारासाठी बिऱ्हाड उचलून जाणारी कुटुंबे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे शिल्प समजावून सांगावे लागणार नाही.

त्याआधी १९३५ मध्ये त्यांनी केलेली ‘सुजाता’ तर झाडांतच उभी आहे. ही उंच, सडसडीत आकृती भोवतालच्या निलगिरीच्या झाडांसारखीच सरळ वाढलेली वाटते. निसर्गाचा आकार माणसाच्या देहात उतरणे म्हणतात ते असे. ह्या शिल्पांवर कोणी बसावे अशी त्यांची योजना नव्हती, हे खरे. पण त्यांतून घ्यावयाचे ते दोन धडे आपल्या कामाचे आहेत. जवळ जे आहे त्यातूनच मोठे काम होऊ शकते; आणि शिल्प कठड्याच्या आत न ठेवता जाण्यायेण्याच्या वाटेवर ठेवले तर ते मुलांचे होते.

उघड्यावरच्या शिक्षणाची कल्पना महाराष्ट्रातही रुजली होती. ताराबाई मोडक ह्यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ ह्यांच्या साहाय्याने आदिवासी मुलांसाठी जे काम केले, त्यात गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच कुरणात नेण्याचा प्रयोग होता. तिचे नावच कुरणशाळा. पानाफुलांतून, दगडगोट्यांतून, बियांतून शिकवावयाचे ही त्यांची पद्धत होती. जेथे धोंडा हे गणिताचे साधन होऊ शकते तेथे तो बसावयाचे साधन होण्यास हरकत नसावी.

आता थोडे परदेशाकडे. रुमानियातील तिर्गु जिऊ ह्या गावी कॉन्स्टंटिन ब्रांकुशी ह्या शिल्पकाराने १९३८ साली एक गोल दगडी मेज आणि त्याभोवती बारा दगडी बैठका मांडल्या. प्रत्येक बैठक म्हणजे दोन अर्धगोल एकमेकांवर उलटे ठेवल्यासारखी, घटिकायंत्राच्या घाटाची. हाच ब्रांकुशी १९३७-३८ च्या हिवाळ्यात इंदूरला आला होता. यशवंतराव होळकरांनी त्याची पक्ष्यांची तीन शिल्पे घेतली होती आणि ती ठेवण्यासाठी एक ध्यानमंदिर बांधण्याचा बेत चालला होता. तो तडीस गेला नाही. गेला असता तर आज मराठी माणसाला ह्या विषयाची ओळख करून देण्यास तिर्गु जिऊपर्यंत जावे लागले नसते! १९२७ मध्ये त्याच्या कारखान्यात काम केलेला इसामु नोगुची पुढे मुलांच्या क्रीडांगणांसाठी शिल्पे घडवू लागला. जपानात साप्पोरो येथील बागेत त्याची काळ्या ग्रॅनाइटची घसरगुंडी आहे. ती चढावयाची, घसरावयाची, हात फिरवून पाहावयाची वस्तू आहे.

बार्सिलोनाचे उदाहरण अधिक उपयोगी. तेथे १९०० ते १९१४ ह्या काळात आंतोनी गाउडी ह्यांनी रचलेल्या ग्युएल बागेत गच्चीच्या कडेने सापासारखे वळणे घेत जाणारे सुमारे ११० मीटर लांबीचे एकच एक बाक आहे. प्रत्येक वळणात माणसांचा एकेक घोळका समोरासमोर बसू शकतो. ते बाक फुटक्या चिनीमातीच्या फरशांनी मढविलेले आहे, आणि ह्याला शोभेपलीकडचे कारण आहे. अखंड सपाट फरशी वाकड्या पृष्ठावर बसत नाही. तुकडे मात्र कोणत्याही वळणावर बसतात. ही विद्या आपल्याला नवीन नाही. गच्चीवर फरशीच्या पांढऱ्या तुकड्यांचा जो थर आपण देतो, ज्याला गवंडी चायना मोझॅक म्हणतात, तो तीच गोष्ट करतो, आणि शिवाय उन्हाचा ताप परतवतो. चंडीगडच्या रॉक गार्डनमध्ये नेकचंद ह्यांनी १९५७ पासून गुपचूप, टाकाऊ सामान गोळा करून जी सृष्टी उभी केली तिच्यातही ह्याच फुटक्या तुकड्यांचा पुष्कळ उपयोग आहे. ती बाग १९७६ मध्ये लोकांस खुली झाली. फरशीचे दुकान, मोडलेल्या कपबश्या आणि धीर, एवढे भांडवल त्यास पुरते. बोथसारख्या गावी पहिल्या दोन गोष्टी मिळतात. तिसरी विश्वस्तांनी पुरवावयाची.

सिमेंटाचे लाकूड करण्याची कलाही अशीच जुनी आहे. फ्रान्समध्ये जोसेफ मोनिये ह्या माळ्याने १८६७ साली लोखंडी जाळी घातलेल्या सिमेंटच्या कुंड्यांचे पेटंट घेतले. त्याच सुमारास तिकडच्या बागांतून सिमेंटची ‘लाकडी’ कठडे व खोडे दिसू लागली. मेक्सिकोत जन्मलेल्या दिओनिसियो रोद्रिगेस (१८९१–१९५५) ह्या कारागिराने अमेरिकेतील सान अँटोनिओ शहरात सिमेंटची अशी बाके व मंडप केले की साल, गाठी, किड्याने पोखरलेली भोके पाहून माणूस फसावा. आपले रंग तो कोणास सांगत नसे. आपल्याकडेही बागांत ओंडक्यांची सिमेंटी बाके असतात, पण ती बहुधा घाईची असतात; चॉकलेटी रंग फासला की साग झाला, अशी ती समजूत.

बोथच्या परिसरात असे काम करावयाचे झाल्यास ते कसे करावे, हा ह्या लेखाचा खरा मुद्दा. सुरुवात जमिनीपासून करावी लागते. आपली काळी कापसाची माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला बोटभर भेगा पडतात. तिच्यावर थेट ठेवलेले जड काम एका वर्षात कलते आणि दोन वर्षांत चिरते. म्हणून पाया मुरमापर्यंत खणावा. मुरूम फार खोल असेल तर काळी माती काढून त्या जागी मुरूम व दगडगोटे धुमसून भरावेत. वरचे शिल्प कितीही सुंदर झाले तरी पायात केलेली काटकसर ते लपवीत नाही.

पायावर विटेचे किंवा दगडाचे पोट बांधावे, त्यावर सळ्या व कोंबडीजाळी गुंडाळून आकार आणावा, आणि एकास तीन प्रमाणाचा सिमेंट-वाळूचा गिलावा दोन थरांत चढवावा. शेवटचा थर ओला असतानाच थापी, तारेचा ब्रश, लाकडी काडी ह्यांनी साल व शिरा काढावयाच्या असतात. येथेच साधा गवंडी आणि हात असलेला गवंडी ह्यांतला फरक दिसतो. पोट भरीव असावे ह्यावर आम्ही मुद्दाम भर देतो. पोकळ ओंडका शोभिवंत दिसतो खरा, परंतु त्या पोकळीत पहिल्या पावसाबरोबर विंचू येतो आणि त्यामागोमाग साप. मुलांच्या मांडीखाली त्यांचे बिऱ्हाड नको. त्याचप्रमाणे नऊ ते तेवीस सेंटीमीटर रुंदीची फट कोठेही ठेवू नये. लहान मुलाचे अंग तीतून जाते आणि डोके अडकते. कडा गोल असाव्यात, वरच्या अंगाला थोडा उतार असावा म्हणजे पाणी साचणार नाही, आणि ज्यावरून उडी मारता येईल असा भाग साठ सेंटीमीटरहून उंच असेल तर खाली वाळू असावी.

आता उंचीचा प्रश्न. पाय जमिनीला टेकून गुडघा काटकोनात राहिला पाहिजे, हा बैठकीचा नियम. पहिलीच्या मुलाला त्यासाठी सुमारे ३० ते ३५ सेंटीमीटर उंची लागते, पाचवीच्या मुलाला ३८ च्या आसपास, आणि दहावीच्या मुलाला व गुरुजींना ४३ ते ४६. बाजारचे बाक एकाच उंचीचे असते. त्यावर लहानांचे पाय लोंबकळतात. वडाचे मूळ मात्र बुंध्याजवळ उंच असते आणि सरकत सरकत मातीला मिळते. म्हणजे सिमेंटात घडविलेल्या एका लांब मुळावर शाळेतल्या प्रत्येक वयाचे मूल आपापली जागा शोधून घेऊ शकते. शिल्पाची बाजू आम्ही घेतो ती ह्या एका कारणासाठी सर्वांत अधिक; येथे निसर्गाचा आकार हा नुसता नखरा राहत नाही.

सावलीवाचून हे सर्व व्यर्थ आहे. दगड आणि सिमेंट ऊन पिऊन ठेवतात व तिन्हीसांजेपर्यंत सोडीत नाहीत. जिथे कडुनिंब, चिंच वा मोह उभा आहे तिथेच, त्याच्या पूर्व व उत्तर अंगाला, बैठक असावी. दुपारच्या जेवणाच्या सुमारास व त्यानंतर सावली तिकडे पडते. झाड नसेल तर आधी झाड लावावे आणि शिल्प पाच वर्षे थांबवावे. महोत्सवाच्या तारखेला हे गैरसोयीचे आहे, याला इलाज नाही.

आकार कोणता घ्यावा हे ठरविताना आपल्या भागात विशेष विचार लागतो. साप हा मुलांना आवडणारा आणि बाकाला सोयीचा आकार, परंतु केसलापूरचा नागोबा हे मेस्राम कुळाचे दैवत आहे आणि त्याच्या जत्रेला आपल्याच शाळेतील मुलांची घरे जातात. त्याच्या आकारावर पाय ठेवून बसा असे त्या मुलांना आपण कोणत्या तोंडाने सांगणार? गोंड समाजात कित्येक कुळांना विशिष्ट प्राणी व झाडे पूज्य असतात. कासवही आपल्या देवळात गाभाऱ्यासमोर असते. म्हणून प्राण्यांच्या वाटेस न जाता मूळ, खोड, धोंडा व पान ह्यांवरच समाधान मानावे, आणि तेही वस्तीतील जाणत्यांना विचारून, असे आमचे मत आहे. पोचेऱ्याच्या धबधब्याखाली पाण्याने घासलेले खडक सर्वांनी पाहिलेले आहेत. त्यांच्यासारखे पाचसात गोल धोंडे घोळक्याने मांडले तरी उत्तम वर्ग होतो.

सागाच्या पानाची गोष्ट निराळी सांगतो, कारण त्यात मुलांना हात घालता येतो. ओल्या वाळूचा लहानसा उंचवटा करावा, त्यावर शिरांची बाजू वर करून हातभर लांबीचे ताजे पान पसरावे आणि त्यावर पातळ गिलावा दाबून बसवावा. दोनतीन दिवसांनी उलटून पान सोलून काढले की प्रत्येक शीर सिमेंटात उतरलेली दिसते. अशी पाने करून बैठकीच्या पाठीत बसविता येतात. निर्मळचे कारागीर पोनिकीच्या हलक्या लाकडातून फळे, पक्षी व जनावरे घडवितात. ते लाकूड पावसात टिकावयाचे नाही, पण कामाचा लहान नमुना करून घेण्यास त्यांच्याइतका सरावलेला हात जवळपास नाही. उशेगावच्या ओझांची मेण गाळून केलेली पितळी ओतकला, जिला आदिलाबाद डोकरा म्हणून २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ती बैठकीला नको, कारण पितळ तापते. देणगीदारांच्या नावाची एक छोटी पाटी मात्र त्यांच्याकडून जरूर करून घ्यावी. एकच पाटी, प्रत्येक धोंड्यावर एकेक नाव घातले तर मुले नावे वाचून जागा वाटून घेतील!

ह्या सर्वामागे एक गोष्ट आहे, ती नुसत्या सोयीची नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट व राजुरा हे आदिलाबाद जिल्ह्याचे तालुके मुंबई राज्यात गेले आणि बोथ आंध्र प्रदेशात राहिले. २०१४ पासून ते तेलंगणात आहे. सीमा बदलल्या तरी अंगणात मराठी, तेलुगू, गोंडी, बंजारा व उर्दू अशा साऱ्या बोली आहेत. ह्याच जिल्ह्यात १९४३ मध्ये मारलवाई येथे हाइमेनडॉर्फ ह्यांच्या प्रयत्नाने गोंड मुलांसाठी शिक्षणाची योजना सुरू झाली, तेव्हा गोंडीची पुस्तके देवनागरीत छापली गेली, कारण ती लिपी ह्या डोंगरांत ओळखीची होती. आज वर्गात गेले की माध्यमाप्रमाणे मुले वेगळी बसतात, आणि मधल्या सुट्टीतही ज्याची भाषा त्याचा घोळका असे होते. सरळ बाकावर मुले एकमेकांकडे पाठ किंवा खांदा करून बसतात. वळणाच्या बैठकीवर समोरासमोर बसावे लागते, आणि समोर बसलेल्याच्या डब्यात काय आहे हे पाहण्यास कोणतीच भाषा लागत नाही. लांबच्या पाड्यावरून येणाऱ्या मुलींना गाडी येईपर्यंत शाळेच्या फाटकाबाहेर उभे राहावे लागते. त्यांच्यासाठी आत, रस्त्यावरून दिसेल अशा ठिकाणी एक बैठक पाहिजे, आणि दोनच कामांपुरता पैसा जमला तर त्यातील पहिले हे असावे.

काम दिवाळीनंतर काढावे. मे महिन्यात गिलावा पाणी सोडून लगेच वाळतो आणि त्याला केसासारख्या चिरा पडतात. थंडीत तो सावकाश मुरतो. चौदा दिवस त्यावर ओली पोती ठेवून सकाळसंध्याकाळ पाणी मारावे, आणि अठ्ठावीस दिवस कोणी बसू नये. पुढे दर वर्षी पावसाळा संपताच गवंड्याला बोलावून चिरा बुजवून घ्याव्यात, कारण उघडी पडलेली तार मुलांचे पाय कापते. त्यासाठी थोडी रक्कम मूळ देणगीतूनच बाजूला काढून ठेवावी, नंतर कोणी देत नाही.